जिन्याखालचं टपाल

वैजू,

इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला होता. पाडव्याच्या अंकात वहिनींसाठी एक पान राखून ठेवलंय, डॉक्टर, तीन-चारशे शब्द लिहून द्या आणि फोटो जरा हसरा बघा, असं म्हणाले. मी दिले लिहून. नागपूरचा जन्म, जीवशास्त्राची पदवी, किलकेनीच्या ग्रंथालयातली नोकरी, निवृत्तीनंतर पतीसह कॅम्पर व्हॅनमधून आयर्लंडभर भ्रमंती, मनमिळाऊ स्वभाव. ‘मनमिळाऊ’ वाचून तू चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंस, कोणाबद्दल लिहून राहिले हे? तुला माणसं पटकन आवडत नसत, आणि एकदा आवडली की सुटत नसत. पण हे चारशे शब्दांत बसत नाही, आणि त्या पानावर मला खरं काही लिहायचंही नव्हतं.

हे दुसरं पान. हे त्यांना देणार नाही.

मी गाडीतच आहे. डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला, मुग्धाच्या घरासमोर, नेहमीच्या जागी, गाडीचं तोंड तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून. तुला जाऊन पाच आठवडे झाले. आपली लेक रोज एकदा येऊन ‘आत राहायला चल’ म्हणते आणि मी ‘उद्या बघू’ म्हणतो. तिला वाटतं, बाबाचा हट्ट. हट्ट नाही गं. तिच्या टेबलावर तिच्यासमोर बसून जेवायची माझी हिंमत होत नाही. तू तिच्यामुळे गेलीस असं मुग्धाला वाटतंय. ते खोटं आहे हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गाडी हा मात्र माझाच हट्ट होता. माणूस झोपला की त्याच्या उशाशी बसायचं आणि यंत्रावरचे आकडे बघायचे, ही माझी जन्मभराची नोकरी. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या खोलीला खिडकी नसते. निवृत्त झालो तेव्हा मला खिडकी हवी होती, आणि ती रोज नव्या ठिकाणी उघडायला हवी होती. किलकेनीचं घर विकून डब्यात राहायचं म्हणताच तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. नवव्या दिवशी टेप घेऊन गाडी बघायला आलीस आणि फक्त ओटा मोजलास. ‘पोळपाट मावतो,’ म्हणालीस आणि विषय संपवलास. मी गाडी विकणाऱ्याचे आभार मानले, बँकेतल्या बाईचे मानले. तुझे मानायचे राहिले.

आपली पहिली दोन वर्षं सुखाची गेली, हे मी कोणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. मसाल्याच्या डब्यांना तू रबरबँड लावलेस, म्हणजे वळणावर खुळखुळायचे नाहीत. फोडणी टाकली की धुराचा अलार्म बोंबलायचा म्हणून त्याला अंघोळीची टोपी घातलीस. मेयोत एका धक्क्यावर तू टोपी घालायला विसरलीस आणि शेजारच्या होडीतला म्हातारा आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. तू त्याला तसंच आत घेतलंस आणि पिठलं-भाकरी वाढलीस. दोन घासांनंतर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तो ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने चार मॅकरेल आणून दिले. तू मासे खात नाहीस हे त्याला सांगायचं नाही अशी ताकीद देऊन ते मला साफ करायला लावलेस.

आणि केरीत तू पोहायला शिकलीस. त्रेसष्टाव्या वर्षी! गावातल्या पाच-सहा बायका रोज सकाळी समुद्रात उतरायच्या. तू तीन दिवस काठावरून बघितलंस, चौथ्या दिवशी पंजाबी ड्रेसवरच आत गेलीस. मी टॉवेल घेऊन उभा होतो आणि माझा जीव वरखाली होत होता. थंडीने ओठ निळे करून तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘तुम्ही बसा आकडे बघत.’ असला टोमणा मारायला बाईला किती आनंद झालेला असावा लागतो! तो आनंद मला तिथे उभ्या उभ्या बघायला मिळाला. माझ्या वाट्याला हे आलं होतं हे मला विसरायचं नाही.

आता टपालाचं सांगतो.

घर विकलं तसा आपला पत्ता गेला. या देशात माणूस एकवेळ घराशिवाय चालतो, पत्त्याशिवाय चालत नाही. पेन्शन, विमा, गाडीची कागदपत्रं, हॉस्पिटल, सगळ्यांना पत्ता लागतो. म्हणून मुग्धाचा दिला. आपलं टपाल ती जिन्याखालच्या प्रेसमध्ये एका बिस्किटाच्या डब्यात टाकायची. कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय तुलाही लागली होती. मुग्धा पहिल्यांदा मला म्हणाली होती, ‘मी उघडून फोटो पाठवत जाऊ का, बाबा? काही अर्जंट असलं तर?’ मी तिला झटकून टाकलं. उघडायचं नाही, फोनही करायचा नाही, आम्ही सणाला येऊ तेव्हा बघू, कागदांपासून सुटका हवी म्हणून तर निघालोय. हे मी इतक्या ऐटीत सांगितलं की तिने पुन्हा विचारलं नाही. मग आपण ईस्टरला यायचो, दिवाळीला यायचो, नाताळला यायचो. तू आत जाऊन नातीला, इराला, जवळ घ्यायचीस आणि मी डबा घेऊन गाडीत बसायचो. पत्त्यापुरती खिडकी असलेल्या सरकारी पाकिटांना तू हात लावत नसायचीस. ती सगळी तुमची, म्हणायचीस.

मागच्या ईस्टरनंतर आपण किलकेनीकडे असताना तुझ्या पोटात दुखलं. मी माझ्या जुन्या ओळखीने स्कॅन करून घेतला. स्वादुपिंडावर पाण्याची छोटी गाठ दिसली. घाबरण्यासारखं नाही, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल, तारखेचं पत्र घरी येईल असं सांगितलं. त्यांच्याकडे तुझा फोन नंबर कोणता होता? विकलेल्या घरातला, भिंतीवरचा. तो बदलायचं काम माझं होतं. पत्त्याच्या रकान्यात मी ॲडम्सटाउन लिहिलं आणि नंबराचा रकाना बघितलाही नाही. माझ्याकडे असा रुग्ण आला असता तर मी त्याच्या नवऱ्याला फैलावर घेतलं असतं.

उन्हाळाभर आपण डोनेगलला होतो. तुझं दुखणं थांबलं होतं. तुझं दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते मला पोटदुखीपेक्षा जास्त सलत होतं. तुला भिंत हवी होती. ‘मला एक खिळा ठोकायचाय,’ म्हणालीस. ‘त्यावर कॅलेंडर लावायचंय. एकादशी कधी ते मान वर करून बघायचंय, फोन उघडून नाही.’ ॲडम्सटाउनच्या स्टेशनजवळ दोन खोल्यांचे फ्लॅट होते, ते तू मुग्धाबरोबर जाऊन पाहून आली होतीस, मला न सांगता. मी त्यावरून तीन दिवस तोंड वाकडं करून गाडी चालवली. गाडी विकली की मी मरेन असंसुद्धा म्हणालो. असं बोलताना माणसाने जिभेला आवर घालायला हवा, वैजू.

शेवटी आपला तह झाला. दिवाळीनंतर पश्चिमेकडचा एक शेवटचा हिवाळा, केरी आणि वेस्ट कॉर्क, आणि नाताळ झाला की फ्लॅट. तू म्हणालीस, ‘शब्द?’ मी शब्द दिला. पण मनात मी पळवाट शोधत होतो. नाताळपर्यंत तुला समुद्र पुन्हा आवडेल, त्या पोहणाऱ्या बायका भेटतील, तू म्हणशील आणखी एक वर्ष. माझा हिशेब असा चालला होता.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी, पहिली अंघोळ झाल्यावर, तू आत इराला चकलीचा सोऱ्या कसा फिरवायचा ते दाखवत होतीस. ती ‘धिस इज सो हार्ड, आजी’ म्हणत हसत होती, ते मला गाडीत ऐकू येत होतं. मुग्धाने दिलेला गठ्ठा माझ्या मांडीवर होता. तिसरं की चौथं पाकीट तुझ्या नावाचं होतं. जुलैत पाठवलेलं. ऑगस्टमधली स्कॅनची तारीख दिली होती आणि जमणार नसेल तर कळवा असं होतं. तारीख उलटून अडीच महिने झाले होते.

मी ते दोनदा वाचलं. पुढे जे केलं त्याला तेव्हा मी वैद्यकीय निर्णय म्हणालो होतो. गाठ छोटी आहे. अशा गाठी शेकड्यांनी बघितल्या, बहुतेक काही करत नाहीत. दुखणं थांबलंय. आता फोन केला तर तारीख जानेवारीचीच मिळणार. मग आत्ताच सांगून दिवाळी कशाला नासवा? हे सगळं शहाण्यासारखं होतं, आणि तरी मला पक्कं माहीत होतं की मी विचार कशाचा करतोय. हे पत्र तू पाहिलंस की म्हणशील, आधी तपासणी, तोवर इथेच थांबू. थांबलो की तू फ्लॅट बघशील. फ्लॅट बघितला की गाडी गेली. मी पत्राची घडी घातली आणि गाडीच्या माहितीपुस्तकाच्या कव्हरमध्ये सरकवली.

दुपारी फराळाच्या ताटावर तू मला विचारलंस, ‘अहो, ते हॉस्पिटलचं पत्र आलं का?’

‘नाही आलं,’ मी म्हणालो. ‘येईल. इथलं सगळं सावकाशच असतं.’

तू मान हलवलीस आणि मला आणखी एक करंजी वाढलीस.

त्या हिवाळ्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. तू समुद्रात एकदाही उतरली नाहीस. त्या बायका रोज हात करायच्या, तू खिडकीतून हात करायचीस. पाठ दुखते म्हणालीस तेव्हा मी गादीला दोष दिला, ट्रॅलीला जाऊन नवीन फोम आणला आणि तो आपल्या पलंगाच्या मापाने कापायला अख्खी दुपार घालवली. वाटेल ते मोजून कापत बसलो. पिठल्याचा वास नको म्हणालीस. ड्रेसची नाडी दोन बोटं जास्त ओढायला लागलीस. मी म्हणालो, वजन उतरलं तर बरंच आहे, गुडघ्यांना आराम. हे मी म्हणालो, ज्याने आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलावर माणसांची उतरलेली वजनं बघितली होती.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आपण डब्लिनकडे निघालो. वाटेत एका पेट्रोल पंपावर मी चहा घेऊन आलो, तू काच खाली केलीस आणि कप घ्यायला मान वर केलीस. ढगांतून थोडं ऊन आलं होतं. तुझे डोळे पिवळे दिसले. मी कप तुझ्या हातात दिला आणि गाडीला वळसा घालून माझ्या जागेवर बसलो. तेवढ्या दहा पावलांत मला पुढचं सगळं कळलं. तू विचारलंस, ‘काय झालं?’ मी म्हणालो, चहा गरम आहे, जपून.

मुग्धाच्या घरी न थांबता मी तुला थेट हॉस्पिटलला नेलं. तिथे वॉर्डवर एक कोल्हापूरची डॉक्टर मुलगी होती. माझं नाव वाचून सर, सर करत आली, तुझा हात धरून मराठीत बोलली, तुला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी स्कॅनचा निकाल आला. गाठ आता गाठ राहिलेली नव्हती आणि यकृतातही पोचली होती. ती मुलगी मला आणि मुग्धाला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. तिने सगळं नीट सांगितलं. मग फाइल चाळत, अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘सर, जुलैमध्ये पत्र गेलेलं दिसतंय. ऑगस्टची तारीख होती, मॅडम आल्या नाहीत असं आहे इथं. मिळालं नव्हतं का?’

मी काही बोलायच्या आत मुग्धा माझ्याकडे वळली. ‘बाबा, जुलैमध्ये? माझ्याकडे आलं असणार. मी दिवाळीत दिलेल्या गठ्ठ्यात होतं का?’

तिचा चेहरा मी विसरणार नाही. हो म्हण, अशी विनवणी होती त्यात. मला फक्त हो म्हणायचं होतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘नव्हतं त्यात.’

का म्हणालो? तोंडातून निघून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण दुसऱ्या दिवशीही मी ते मागे घेतलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तुला कळेल याची भीती होती. बायको मरायला टेकलीय आणि हा माणूस तिच्या मनातून उतरायला घाबरतोय, इतका मी क्षुद्र निघालो. आणि त्या डॉक्टर मुलीची सुद्धा लाज वाटली, खोटं कशाला बोलू, की ती आपल्याला सर म्हणते आणि आता म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी मुग्धाने घर उलटंपालटं केलं. जिन्याखालचं सगळं बाहेर काढलं, इराच्या शाळेच्या बॅगा झटकल्या, कपाटामागे टॉर्च मारला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात येऊन मला सांगितलं, ‘सप्टेंबरमध्ये मी लीफलेट्सचा मोठा ढीग रद्दीच्या ग्रीन बिनमध्ये टाकला होता. त्यातच गेलं असणार. आय मस्ट हॅव, बाबा.’ मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं, बाळा. धीर दिला मी तिला!

वेळेवर स्कॅन झाला असता तर तू वाचली असतीस का? जावई विचारतो, मंडळातले लोक आडून विचारतात, आणि मी डॉक्टरी आवाजात सांगतो की या आजारात सहसा फरक पडत नाही. ऑगस्टबद्दल मला खरंच माहीत नाही. दिवाळीबद्दल मी स्वतःला सांगतो की उशीर झालेलाच होता. तसं असेलही. पण नोव्हेंबर आणि डिसेंबर तू मुग्धाच्या उबदार घरात, नातीजवळ काढले असतेस, पाठदुखीवर नीट औषध मिळालं असतं, आणि मी तुला भिजक्या धक्क्यांवर दोन इंच फोमवर निजवलं. त्यात तर शंका घ्यायला जागाच नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तू गेलीस. शेवटच्या दिवसांत भूल देणाऱ्या माणसासारखा मी उशाशी बसून होतो आणि बघायला आकडेही नव्हते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मुग्धाचं हे सुरू झालं. ती टपालातला एकही कागद टाकत नाही. पिझ्झाचं पत्रक, खिडक्या धुणाऱ्याचं कार्ड, निवडणुकीचे कागद, सगळं टेबलावर पसरून पुढून-मागून वाचते आणि मग गाडीकडे येऊन मला विचारते, ‘बाबा, हे काही आहे का?’ मी बघून नाही म्हणतो. ती ते परत नेऊन ठेवते. कामावरून सुट्टी घेतलीय. जावई एकदा माझ्याशी बोलायला आला, म्हणाला, तिला कोणीतरी समजवायला हवं, तुम्ही डॉक्टर आहात. मी म्हणालो, वेळ द्या.

आज सकाळी इराने दारातून आलेलं एक पत्रक उचलून सरळ बिनमध्ये टाकलं. नऊ वर्षांची पोर, तिला काय माहीत. मुग्धा तिच्यावर ओरडली. मग तिने हिरवा बिन ओढत अंगणात आणला आणि आडवा केला. माझ्या काचेसमोर, भुरभुर पावसात, गुडघ्यांवर बसून ती ओले कागद एकेक करून सुटे करायला लागली. इरा दारात उभी राहून ‘मम, प्लीज, मम’ म्हणत रडत होती. मी गाडीत बसून बघत होतो. माहितीपुस्तक माझ्या उजव्या हाताला दाराच्या कप्प्यात होतं. मी उतरलो नाही. जावई येऊन तिला आत घेऊन गेला, मग मी उतरलो आणि कागद गोळा केले.

उद्या सांगणार आहे. आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहिलं.

*

वरचं सगळं शनिवारी लिहिलं. आज रविवार.

जावई इराला घेऊन तिच्या खेळाला गेला होता. मुग्धा नेहमीसारखा माझा चहा घेऊन आली. मी तिला बस म्हणालो. ती तुझ्या खुर्चीवर बसली. मी पुस्तकातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते एकही वाक्य आठवलं नाही.

तिने तारीख वाचली, पत्ता वाचला, मग पुन्हा तारीख वाचली. ‘कुठे मिळालं?’ तिने विचारलं. तिचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला की मला वाटलं, इथेच थांबावं आणि सीटखाली सापडलं म्हणून सांगावं. ते खोटं माझ्या जिभेवर आलं होतं, वैजू. मी ते गिळलं.

सांगितलं. तिनेच दिलेल्या गठ्ठ्यात होतं, दिवाळीत मी उघडलं, वाचलं, लपवलं. का लपवलं तेही सांगितलं, फ्लॅट, केरी, गाडी, काही ठेवलं नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खोटं बोललो हे सांगितलं. मला माफ कर असं म्हणालो नाही. ते म्हणायचा अधिकार कुठून आणू?

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, ‘आईला माहीत होतं?’

‘नाही.’

‘कधीच नाही?’

‘नाही.’

तिने चहाचा कप ओट्यावर ठेवला. रडली नाही. आता जे तिने बोलून दाखवलं ते मला माहीत होतं, आणि काल इतकं लिहूनही मी ते लिहिलेलं नव्हतं. तुझ्यापासूनच लपवावं असं काय होतं त्यात? तू तर तिथे होतीस.

‘मी तिला सॉरी म्हणाले होते, बाबा,’ ती म्हणाली. ‘हॉस्पिटलमध्ये. आई, तुझं पत्र मी हरवलं, माझ्यामुळे झालं हे सगळं, असं म्हणाले. तिने माझं डोकं जवळ घेतलं. म्हणाली, वेडी आहेस का, असू दे, कोणाकडूनही होतं. तू खिडकीपाशी उभा होतास. तू ऐकलंस ना?’

‘ऐकलं,’ मी म्हणालो.

ती उठली, पत्र घेतलं आणि आत गेली. अजून आलेली नाही. जावयाची गाडी येऊन लागली, इरा चिखलाचे बूट काढून आत गेली, संध्याकाळचे दिवे लागले. मला कोणी बोलवायला आलेलं नाही आणि कोणी यावं असं मी काही केलेलंही नाही. गाडी इथून हलवायला सांगितली तर हलवीन. कुठे जाईन ते ठरवलेलं नाही.

मुग्धाच्या डोक्यावरचा तुझा हात मला त्या खिडकीच्या काचेत दिसत होता. मी बाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत होतो. मागे वळायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. तू चिडली असतीस, तोंड फिरवलं असतंस, कदाचित शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नसतीस, आणि ते सगळं तुझ्या हक्काचं होतं. तेही मी तुला मिळू दिलं नाही. तू उलट मलाच जवळ बोलावलंस आणि हळूच म्हणालीस, पोरीला सांभाळा, तिने फार मनाला लावून घेतलंय.

त्यानंतर अकरा दिवस तू शुद्धीवर होतीस, वैजू. अकरा दिवस तुला ऐकू येत होतं.